रॅकेट हातात देण्याआधी: शारीरिक शिक्षणाच्या तासातले खेळ आणि प्राथमिकची मुले

धागाकर्ती (प्राथमिक शिक्षिका, पुणे):

पहिली ते चौथीच्या मुलांना बॅडमिंटन किंवा टेनिस शिकवायचे ठरले की बहुतेक शाळांत एकच चित्र दिसते. कपाटातून चार-सहा रॅकेट्स निघतात, पन्नास मुलांची रांग लागते, शिक्षक एकेकाकडे शटल टाकतात आणि प्रत्येक मूल एक फटका मारून रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहते. तास 35 मिनिटांचा असतो. वर्गातून पटांगणावर येणे, हजेरी, रांगा यांत दहा मिनिटे जातात. उरलेल्या 25 मिनिटांत दर पाच सेकंदांनी एक शटल टाकले तरी एका मुलाच्या वाट्याला सहाच फटके येतात. त्यांतले निम्मे हवेतच जातात. एवढ्याशा सरावाने कोणतेही मूल काही शिकणे शक्य नाही, आणि तरीही अशा दोन-चार तासांनंतर आपण 'याला जमते, तिला जमत नाही' असे शेरे मारून मोकळे होतो.

माझे ठाम मत असे आहे की प्राथमिक वर्गांत शैली, गुण, हार-जीत यांच्याआधी एकच गोष्ट पाहावी: एका तासात प्रत्येक मुलाचा हात उडत्या वस्तूला किती वेळा लागला. रांग लावली की ही संख्या घटते आणि खेळ निवडला की वाढते. म्हणून खेळ असे निवडावेत की प्रत्येकाकडे स्वतःची वस्तू असेल आणि कोणीही बाद होऊन कठड्यावर जाऊन बसणार नाही, कारण सर्वांत आधी तेच मूल बाद होते ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते.

सुरुवात फुग्यापासून करावी. काही पालकांना हा बालवाडीचा खेळ वाटतो, परंतु त्यामागचे कारण पक्के आहे. फुग्याचे वजन नगण्य आणि आकार मोठा, त्यामुळे हवेचा अडथळा त्याला सावकाश खाली आणतो, आणि मुलाला पाहायला, पाय हलवायला व हात उचलायला वेळ मिळतो. शटल 4.74 ते 5.50 ग्रॅमचे असते आणि खाली येताना मुलाला विचार करायला फारशी सवड देत नाही. शिवाय मोठ्यांची रॅकेट 680 मिलिमीटरपर्यंत लांब असते, म्हणजे फटका बसण्याची जागा मुठीपासून जवळपास अर्धा मीटर पुढे जाते. ज्या मुलाला स्वतःच्या तळहाताने फुगा नेमका मारता येत नाही, त्याच्या हाताची लांबी आपण एकाएकी दुप्पट करतो आणि मग त्याचा नेम चुकला म्हणून त्याला दोष देतो.

आमच्या शाळेत दोन इमारतींच्या मधोमध शहाबादी फरशीचे अंगण आहे. तिथे समोरासमोरच्या खिडक्यांच्या गजांना नाडा बांधला की जाळीचे काम होते. फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढ्या एकाच नियमावर दुसरीचा वर्ग पूर्ण तास खेळतो. पहिल्यांदा तळहाताने, मग मुठीच्या मागच्या बाजूने, मग एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने. या खेळात मी हातांकडे कमी आणि पायांकडे अधिक लक्ष ठेवते. फुगा डोक्यावरून मागे गेला की बहुतेक मुले जागच्या जागी उभी राहून पाठ मागे वाकवतात, तोल जातो आणि फुगा निसटतो. त्या क्षणी 'हात उंच कर' असे सांगून उपयोग होत नाही. 'फुग्याच्या मागे जाऊन उभी राहा' असे सांगितले की पोरगी दोन पावले मागे सरकते आणि फुगा आपसूक तिच्या डोळ्यांपुढे येतो. पुढे बॅडमिंटनमध्ये मागच्या कोपऱ्यातल्या शटलसाठी हेच पदलालित्य लागते.

फुग्यानंतर पुठ्ठा. जुन्या वह्यांचे पुठ्ठे एकमेकांना चिकटवून मागे इलॅस्टिकची पट्टी लावली की तळहाताची बॅट तयार होते. तिला दांडा नसल्यामुळे हाताची लांबी बदलत नाही, फक्त तळवा मोठा होतो. या बॅटवर शटल किंवा पायमोज्याचा चेंडू तोलून लिंबू-चमचा खेळता येतो, विषामृत खेळता येते, आणि 'राजा म्हणतो'ही. राजा म्हणतो तळवा आकाशाकडे, राजा म्हणतो तळवा भिंतीकडे, राजा म्हणतो तळवा जमिनीकडे: या खेळात मूल बॅटचे तोंड कुठे वळले आहे हे हाताकडे न पाहता ओळखू लागते. माझ्या मते रॅकेटच्या सर्व खेळांचा पाया हाच आहे, कारण चेंडू कुठे जाणार हे शेवटी रॅकेटच्या तोंडाची दिशाच ठरवते.

दुसरा खेळ फेकण्याचा. मधोमध नाडा, दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने मुले, आणि अंगणभर कागदाचे बोळे व जुनी शटले. शिट्टी वाजली की आपल्या अंगणातले बोळे उचलून नाड्यावरून पलीकडे फेकायचे, दुसऱ्या शिट्टीला ज्यांच्या अंगणात कमी बोळे ते जिंकले. दोन मिनिटांच्या एका डावात प्रत्येक मूल किती वेळा हात खांद्यावरून फिरवते ते पाहावे. कोपर वर, फेकण्याच्या हाताविरुद्धचा पाय पुढे, अंग वळते आणि हात शेवटी येतो. बॅडमिंटनचा डोक्यावरून मारायचा फटका आणि टेनिसची सर्व्हिस यांची मुळे याच हालचालीत आहेत. ज्या मुलाला नीट फेकता येते त्याला पुढे स्मॅश शिकवताना निम्मे काम आधीच झालेले असते.

ही वाट मी शोधून काढलेली नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2007 मध्ये 'प्ले अँड स्टे' ही मोहीम सुरू केली ती याच विचाराने. तिच्यात लहान मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरवे असे संथ चेंडू आणि लहान कोर्ट सुचवले गेले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के, नारिंगी 50 टक्के आणि हिरवा 25 टक्के संथ असतो. 2012 पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू न वापरण्याचा नियमच झाला. जागतिक बॅडमिंटन महासंघाचा 'शटल टाइम' हा कार्यक्रम तर खास शाळांतल्या शिक्षकांसाठी आहे. त्याचे 22 पाठ विनामूल्य मिळतात, आणि त्यांतही फुगे, फेकाफेकी आणि जोडीने खेळणे यांना भरपूर जागा आहे.

तुमच्या शाळेत, सोसायटीत किंवा घरी काय चालते ते अवश्य लिहावे.

पालक, बाणेर:

धागा अतिशय उपयुक्त आहे, परंतु एक शंका मनात येते. माझी मुलगी सात वर्षांची असून ती खासगी प्रशिक्षणवर्गाला जाते. तिथे पहिल्या दिवसापासून खरी रॅकेट, खरे कोर्ट आणि रॅकेट धरण्याची पद्धत यांवर भर आहे. लहानपणी चुकीची सवय लागली तर ती मोडत नाही, असे तिथले प्रशिक्षक सांगतात. मग पुठ्ठ्याची बॅट आणि फुगे यांनी हात बिघडणार नाही का? शाळेत एक आणि वर्गात दुसरे, असे झाले तर मुलीचा गोंधळ होईल अशी भीती वाटते.

टेबल टेनिस प्रशिक्षक, शिवाजीनगर:

बाणेरच्या ताईंनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे सरळ उत्तर द्यायला हवे. सवय लागते हे खरे, पण कोणती सवय घातक आणि कोणती निरुपद्रवी हे वेगळे करून पाहावे लागते. सात वर्षांच्या मुलीने फुगा तळहाताने मारला म्हणून पुढे तिचा फोरहँड बिघडल्याचे मी पाहिलेले नाही. घातक सवयी दोनच: मूठ आवळून धरणे आणि पाय रोवून उभे राहणे. या दोन्ही सवयी लागतात त्या बहुतांशी वयाच्या मानाने जड आणि लांब रॅकेट दिल्यामुळे. रॅकेट पेलत नाही म्हणून मूल मूठ आवळते, मूठ आवळली की मनगट आणि कोपर ताठरतात, आणि मग सगळा फटका खांद्यातून येतो.

बॅडमिंटनमध्ये मुले रॅकेट तव्याच्या दांड्यासारखी धरतात, म्हणजे रॅकेटचे तोंड थेट जाळीकडे आणि तर्जनी दांड्यावर सरळ. तोंडासमोरचे शटल असे सहज मारता येते, म्हणूनच ती पकड मुलांना सोपी वाटते. परंतु डोक्यावरून मारताना याच पकडीमुळे हाताचा पुढचा भाग फिरत नाही आणि फटक्यात जोर येत नाही. यावर उपाय म्हणजे रॅकेट कडेवर उभी धरून तिच्याशी हस्तांदोलन करायला लावणे. हे शिकवायला तिसरी-चौथीचे वय उत्तम, त्याआधी आग्रह नको. पकड सैल आहे की नाही हे पाहण्याची माझी रीत अशी: मुलाला रॅकेट धरून उभे करावे आणि आपण तिचे टोक हळूच ओढावे. रॅकेट निसटून आपल्या हातात आली पाहिजे, पण ओढण्याआधी पडता कामा नये. मुलांना हाही खेळच वाटतो आणि ती एकमेकांची परीक्षा घेऊ लागतात.

टेबल टेनिसविषयी थोडे. टेबल 76 सेंटिमीटर उंच असते, म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या साधारण कोपराएवढे. त्यामुळे मूल प्रत्येक फटक्याला खांदा वर उचलते आणि तीच सवय जडते. या वयात टेबलाचा अट्टहास न धरता वर्गातले दोन बाक जोडावेत आणि मधोमध कंपासपेट्यांची रांग लावावी, ती जाळी. खऱ्या जाळीची उंची 15.25 सेंटिमीटर असते, कंपासपेट्या आडव्या रचल्या तर त्याहून कमीच भरेल, आणि सुरुवातीला कमीच हवी. त्याआधी बॅटवर चेंडू उडवण्याचा खेळ घ्यावा: तळवा वर ठेवून, मग तळवा खाली करून, मग एकदा असा एकदा तसा. चेंडू अवघा 2.7 ग्रॅमचा असल्याने कोणाला लागण्याची भीती नाही.

एका मुद्द्यावर मात्र धागाकर्त्या ताईंशी मतभेद नोंदवतो. हार-जीत पूर्णपणे बाजूला ठेवावी असे मला वाटत नाही. तिसरीच्या पुढची मुले गुण मोजल्याशिवाय मन लावून खेळत नाहीत. गुण नसले की दहा मिनिटांत त्यांचे लक्ष उडते आणि मग बॅटने एकमेकांना टपल्या मारणे सुरू होते.

धागाकर्ती:

सर, गुण हवेतच, पण ते कोणाविरुद्ध मोजायचे हा प्रश्न आहे. तिसरी-चौथीत मी जोडीचे गुण ठेवते: दोघांनी मिळून नाड्यावरून किती वेळा शटल परतवले. पुढच्या तासाला त्याच जोडीने स्वतःचाच आकडा ओलांडायचा. यात चुरस पुरेपूर असते, मात्र समोरच्याला न पोहोचणारे शटल मारण्यात कोणाचाही फायदा नसतो. एरवी दुबळ्या जोडीदाराशी खेळताना चपळ मूल पहिल्याच फटक्यात गुण घेते आणि रॅली होतच नाही. दोघांच्या मिळून असलेल्या गुणांत तेच चपळ मूल जोडीदाराला 'अगं, पुढे ये, हळू मारतोय' असे सांगून शटल त्याच्या सोयीने टाकू लागते. हवे तिथे आणि हवे तेवढ्या जोराने शटल टाकता येणे हे जोरात मारण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते त्याला असे नकळत येते. पाचवीपासून एकमेकांविरुद्ध सामने घ्यायला माझी हरकत नाही.

बाणेरच्या ताईंना एवढेच सांगेन की मुलीच्या वर्गातली रॅकेट तिच्या उंचीला साजेशी, आखूड आहे का, हे एकदा पाहावे. आखूड रॅकेट मिळत नसेल तर दांड्याच्या वरच्या भागाला, रॅकेटच्या तारांच्या जवळ धरू द्यावे. शाळेतला फुगा आणि वर्गातली रॅकेट यांत विरोध येणार नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक, सदाशिव पेठ:

चर्चा वाचून फार समाधान वाटले. या शहराचे आणि मैदानी खेळांचे नाते जुने आहे. खो-खोचे नियम बांधण्यासाठी 1914 मध्ये डेक्कन जिमखान्यावर समिती बसली. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम इथल्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1873 च्या सुमारास लिहिले असे त्या खेळाच्या इतिहासात नोंदले जाते. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांनी ते 1956 मध्ये मलायातल्या सेलांगोर स्पर्धेत मिळवले. त्यांचे अखेरचे वास्तव्यही पुण्यातच होते. अशा शहरात मुलांना पहिली रॅकेट रांगेत उभे करून द्यावी लागते याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझी सूचना अशी की आपल्या देशी खेळांना या क्रमात मानाचे स्थान द्यावे. विटी-दांडूत विटी टोकाला टिपून उडवायची आणि ती हवेत असतानाच दुसरा टोला मारायचा. वस्तू वर उडवणे, तिच्यावर नजर ठेवणे आणि योग्य क्षणी दांडू फिरवणे, ही सर्व्हिसचीच तालीम आहे. अर्थात लाकडी विटी डोळ्याला लागू शकते, म्हणून प्राथमिक शाळेत तिच्या जागी फोमचा किंवा चिंधीचा तुकडा गुंडाळून वापरावा. लगोरीत नेम सुधारतो. आट्यापाट्यांत आणि खो-खोत पाय हलके होतात. खो मिळताच उठून दिशा पकडणारे मूल आणि जाळीजवळच्या शटलवर झेपावणारा खेळाडू यांची पहिली हालचाल मला नेहमी सारखीच वाटत आली आहे. रॅकेट वर्षातून काही आठवडेच मिळत असेल, तर उरलेले वर्ष या खेळांनी भरून काढावे.

फक्त एक सावधगिरीची गोष्ट. फुगे आणि पुठ्ठे यांतच मुलांना अडकवून ठेवू नये. चौथी संपेपर्यंत प्रत्येक मुलाच्या हातात खरी रॅकेट आलीच पाहिजे. मुलांना खऱ्या वस्तूची ओढ असते आणि तिचा मान राखायला हवा.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, मुळशी तालुका:

आमच्या शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग दोन शिक्षक मिळून सांभाळतो, त्यामुळे सहा वर्षांचे आणि दहा वर्षांचे मूल एकाच वेळी मैदानावर असते. मोठ्यांना लहानांच्या जोडीला दिल्यास दोघांच्या मिळून गुणांची पद्धत इथेही चालेल असे दिसते. मुख्य अडचण वाऱ्याची आहे. शाळा उंचावर असून पावसाळा सोडला तरी दुपारनंतर वारा असतोच. फुगा हातातून सुटला की थेट शेतात जातो आणि शटल सरळ जातच नाही. बंदिस्त सभागृह मिळण्याची शक्यता नाही. अशा ठिकाणी काय करावे? तसेच पुठ्ठ्याची बॅट किती मोठी असावी, हेही कृपया कोणी सांगावे.

टेबल टेनिस प्रशिक्षक, शिवाजीनगर:

सर, आपल्या देशात यावर जुना तोडगा आहे. बॉल बॅडमिंटन हा पाच-पाच जणांच्या संघांनी उघड्यावर खेळायचा खेळ पिवळ्या लोकरीच्या चेंडूने खेळतात, आणि वाऱ्याचा त्यावर शटलइतका परिणाम होत नाही. नियमातला चेंडू सुमारे 5 सेंटिमीटर व्यासाचा असतो. तुम्ही घरच्या उरलेल्या लोकरीचा सैलसर गोंडा बांधलात तरी लहान मुलांना पुरेल. गोंडा सैल असल्याने लागत नाही, घरंगळत दूर जात नाही आणि पावसाळी दिवसांत वऱ्हांड्यातही खेळता येतो.

शटलच वापरायचे असेल तर प्लॅस्टिकचे घ्यावे आणि बुडावरच्या पट्टीचा रंग पाहावा. सर्वसाधारणपणे हिरवी पट्टी संथ, निळी मध्यम आणि लाल जलद असते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर असल्याने इथली हवा किंचित विरळ आहे आणि शटल मुंबईपेक्षा थोडे लांब जाते. मुळशीच्या डोंगरावर तर हिरवीच पट्टी घ्यावी. मुलांना जाळी वाऱ्याच्या दिशेला आडवी न बांधता वाऱ्याला समांतर बांधून द्यावी, म्हणजे एका बाजूला सतत वाऱ्याविरुद्ध खेळावे लागत नाही.

पालक, कोथरूड:

माझा मुलगा डावखुरा आहे. शाळेत गटाने खेळताना शेजारच्या मुलाची आणि त्याची बॅट वारंवार आपटते, आणि त्याला 'उजव्या हाताने खेळ' असे सांगितले गेले आहे. हे योग्य आहे का? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही पालक मिळून रविवारी मुलांना खेळवण्याचा विचार करत आहोत, म्हणूनही विचारते.

धागाकर्ती:

ताई, हात बदलायला मुळीच सांगू नये. ज्या हाताने मूल जेवते आणि फेकते, त्याच हाताने त्याने खेळावे. बॅटा आपटतात त्या उभे राहण्याच्या जागेमुळे. एका ओळीत सगळी मुले तुमच्याकडे तोंड करून उभी असतील, तर डावखुऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताच्या टोकाला उभे करावे. म्हणजे त्याचा हात मोकळ्या बाजूला फिरतो आणि त्याच्या उजवीकडच्या मुलाचा हात त्याच्यापासून दूर जातो. शिवाय प्रत्येक मुलाने बॅटसह हात पसरून स्वतःभोवती खडूने वर्तुळ काढावे, आणि दोन वर्तुळे एकमेकांना शिवणार नाहीत एवढे अंतर ठेवावे. शटल वर्तुळाबाहेर गेले तर आणायला जाण्याआधी बॅट खाली ठेवायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पार्किंगमध्ये खांबांना जुन्या चादरी गुंडाळाव्यात, आणि फुगा फुटला तर त्याचे तुकडे लगेच उचलावेत, कारण धाकटी भावंडे ते तोंडात घालतात.

मुळशीच्या सरांसाठी बॅटचे माप: मुलाचा पंजा पुठ्ठ्यावर पसरून ठेवावा आणि बोटांच्या टोकांपासून सर्व बाजूंनी दोन बोटे जागा सोडून गोल कापावा. त्याहून मोठा ठेवल्यास पुठ्ठा वाकतो. वहीचे दोन पुठ्ठे खळीने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावेत, कडेने चिकटपट्टी लावावी आणि मागे सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीचे इलॅस्टिक चार बोटे आत जातील इतके सैल ठेवून दोन्ही टोकांना शिवावे. अंगठा बाहेर राहू द्यावा. शटल आणि पायमोज्याचा चेंडू यांसाठी दोन पुठ्ठे पुरतात, लोकरीच्या गोंड्यासाठी तीन लागतील.